पांढऱ्या पेशींची रातपाळी

शेंद्रा एमआयडीसीत नाइट शिफ्ट आत शिरते, तेव्हा सेकंड शिफ्टची माणसं करमाडकडे परतत असतात. जालना रोडच्या कडेला कारखान्यांचे दिवे, त्यांच्या पलीकडे शिवारात बॅटऱ्यांचे ठिपके. थ्री फेज लाईट या आठवड्यात रात्रीची असली, की शेतकरी दारं धरायला निघतो. हातात काठी, कानाला मफलर आणि मनात विंचूकाट्याची धास्ती. बाहेर हा पाळीबदल चालू असताना या सगळ्यांच्या अंगातही एक पाळी बदलत असते. तिला भोंगा नाही, हजेरीपट नाही आणि युनियन तर नाहीच. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी ड्युटीवर येतात, काही सुट्टी करून आत जातात. दिवसा पहाऱ्याला असतात त्या वेगळ्या आणि मध्यरात्री फिरतात त्या वेगळ्या.

प्रतिकारशक्ती चोवीस तास सारखीच तयार असते, असं आपण धरून चालतो. पण तिचंही वेळापत्रक आहे. त्या वेळापत्रकातल्या या काही गमती. यातल्या काही पक्क्या आहेत, काहींवर अजून भांडणं चालू आहेत. कुठली कोणती, ते जागच्या जागी सांगेनच.

अकरा मिनिटांचा घोटाळा

मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर. तिथे जेमतेम वीस हजार पेशी आहेत. डोळ्यांवाटे उजेड किती येतो, एवढ्यावरून त्या वेळ लावतात. पण कारभार फक्त मुख्यालयातून चालत नाही. यकृताचं घड्याळ वेगळं, कातडीचं वेगळं, आतड्याचं वेगळं आणि पांढऱ्या पेशींचं वेगळं. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी उंदराच्या पोटातून काढून काचेच्या बशीत ठेवल्या, तरी त्यांची टिकटिक चालूच राहिली. त्यांची सुमारे आठ टक्के जनुकं ठरल्या वेळी जोरात आणि ठरल्या वेळी मंद चालतात, असं २००९ साली दिसलं.

माणसाचं हे घड्याळ नेमकं चोवीस तासांचंही नाही. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी १९९९ साली मोजलं, तेव्हा सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं. म्हणजे रोज सूर्याने कान पिळला नाही, तर आठवड्याभरात आपण तासापेक्षा जास्त मागे पडू. रात्री उशिरापर्यंत जागणं सोपं आणि पहाटे लवकर उठणं जिवावर येतं, त्यामागे ही अकरा मिनिटं आहेत. शिफ्ट लावणाऱ्या सुपरवायझरने एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. फर्स्टवरून सेकंड आणि सेकंडवरून नाइट हा क्रम अंगाला सोसतो. उलटा फिरवला तर माणूस आठवडाभर लोळागोळा.

माशीने मिळवलेलं नोबेल

घड्याळाचं जनुक पहिल्यांदा सापडलं ते फळांवरच्या माशीत. केळं जरा जास्त पिकलं की आपल्याकडे जी चिलटं घोंगावतात, त्यांच्याच जातकुळीतली ही माशी. सीमोर बेन्झर आणि त्यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ साली अशा तीन प्रकारच्या माश्या दाखवल्या, की एकीचा दिवस छोटा, दुसरीचा लांब आणि तिसरीला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. तिन्हींत बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकाचं काम उलगडल्याबद्दल २०१७ सालचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं. माशीला मानपत्रसुद्धा नाही.

याच माशीच्या घड्याळावर आपल्या शेजारी, नगरला काम झालंय हे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली काढलेल्या अहमदनगर कॉलेजात प्राणिशास्त्र विभागातले डी. एस. जोशी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं ‘ड्रोसोफिला अननासी’ या जातीच्या मागे होते. त्यांनी सपाटीवरच्या माश्या घेतल्या आणि हिमालयात उंचावर राहणाऱ्याही घेतल्या. कोशातून कोण कधी बाहेर पडतं ते पाहिलं. सपाटीवरची माशी पहाटे पहाटे बाहेर येते. हिमालयातली मात्र दिवस तापल्यावर! त्या थंडीत पहाटे उठणं माशीलाही परवडत नाही.

आता प्रतिकारशक्तीकडे. अमेरिकेत २००८ साली याच कुळातल्या माश्यांना वेगवेगळ्या वेळी जंतू टोचले. मध्यरात्री टोचलेल्या माश्या जास्त जगल्या, दिवसा टोचलेल्या कमी. जंतू तेच, माशी तीच, फरक फक्त वेळेचा.

हाच प्रकार उंदरांवर त्याहून कितीतरी आधी झाला होता. ‘सर्केडियन’ हा शब्द घडवणारे फ्रान्झ हालबर्ग यांनी १९६० साली उंदरांना जंतूंचं विष टोचलं. एका वेळी दिलं तर बहुतेक उंदीर मेले. तेवढंच विष दुसऱ्या वेळी दिलं तर बहुतेक वाचले.

इथे एक सावधगिरीची सूचना. उंदीर निशाचर आहे. ‘उंदरांत सकाळी असं दिसलं’ ही बातमी माणसाला जशीच्या तशी लावली, की सगळं उलटं होतं. त्याची सकाळ म्हणजे त्याची निजायची वेळ. आरोग्यावरच्या अर्ध्या व्हॉट्सअॅप संदेशांचा गोंधळ इथेच होतो. उरलेल्या अर्ध्यांना कारणाचीही गरज लागत नाही.

कोणाची ड्युटी कधी

सकाळी जाग यायच्या सुमाराला कॉर्टिसॉल हा संप्रेरक चढतो. तो चढला, की अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या नवख्या टी-पेशी रक्तातून निघून अस्थिमज्जेत परततात. रक्तात त्यांची सर्वाधिक गर्दी रात्री दोनच्या आसपास असते. उलट, थेट हाणामारी करणाऱ्या पेशी दिवसा रक्तात जास्त दिसतात. आपल्याला काटा रुततो, खरचटतं, कुणी तोंडावर शिंकतं ते बहुतेक दिवसा, तेव्हा हे नेमणुकीचं शहाणपण लक्षात येतं. रात्र प्रशिक्षणाची. दिवसा कोण शत्रू भेटला ते नवख्यांना दाखवायचं, पुढच्या वेळेसाठी ओळख पक्की करायची.

जर्मनीत ट्यूबिंगेन विद्यापीठात २०१९ साली आणखी एक बारकावा सापडला. टी-पेशीला विषाणू शिरलेल्या पेशीला मारायचं तर आधी तिला चिकटावं लागतं. झोपेत हा चिकटपणा वाढतो. जागेपणी अंगात फिरणारं अॅड्रेनलिन तो कमी करतं. रात्रभर जागलेल्यांच्या टी-पेशी त्यामुळे जरा निसटत्या हाताने लढत होत्या.

ताप संध्याकाळीच का चढतो

‘दिवसभर बरा होता, दिवे लागणीला अंग तापलं.’ हे वाक्य बोललेलं नाही असं घर महाराष्ट्रात नसेल. निरोगी माणसाचंही तापमान पहाटे सगळ्यात खाली आणि दुपारी चार ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान सगळ्यात वर असतं. अमेरिकेत १९९२ साली १४८ निरोगी लोकांची तापमानं मोजली. त्यावरून निष्कर्ष निघाला, की सकाळी ९८.९ फॅरनहाइटच्या वर गेलं तर ताप म्हणावा, पण संध्याकाळी ९९.९पर्यंत चालून जाईल. सगळीकडे मिरवणारा ९८.६ हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन डॉक्टर वुंडरलिखचा. संध्याकाळी थर्मामीटर ९९ दाखवतो म्हणून घाबरून दवाखाना गाठणाऱ्यांनी हा परिच्छेद कापून कपाटाला लावायला हरकत नाही. मात्र रोज संध्याकाळी बारीक ताप आणि सोबत लांबलेला खोकला असेल, तर कपाट सोडा आणि थुंकी तपासून घ्या. क्षयाची ती जुनीच खूण आहे.

संधिवाताने आखडलेली आजी सकाळीच जास्त का कण्हते, याचंही उत्तर या वेळापत्रकात आहे. सूज वाढवणारा ‘इंटरल्यूकिन-६’ नावाचा रेणू पहाटे रक्तात चढतो. मग गोळी सकाळी चहासोबत घेणं म्हणजे चोर पळून गेल्यावर फौजदाराला फोन. जर्मनीत एक वेगळी गोळी करून पाहिली. झोपताना दहाला घ्यायची आणि ती पोटात विरघळणार चार तासांनी, म्हणजे दोनला. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये २८८ रुग्णांची ही चाचणी छापून आली. औषध तेच, डोस तोच. तरी रात्रीच्या गोळीवाल्यांचा सकाळचा आखडलेपणा जास्त कमी झाला.

दमा पहाटे चारच्या सुमाराला उफाळतो. अॅलर्जीच्या शिंका सकाळी उठल्याउठल्या येतात.

आणि हा सगळ्यात चक्रावून टाकणारा आकडा. इंग्लंड आणि वेल्समधल्या भाजलेल्या ११८ रुग्णांच्या नोंदी केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात भाजलेल्यांच्या जखमा भरायला सरासरी २८ दिवस लागले. दिवसा भाजलेल्यांना १७! जखम भरणाऱ्या त्वचेच्या पेशी दिवसा चपळ सरकतात, रात्री मंद. हे २०१७ सालचं. रात्री भट्टीपाशी किंवा वेल्डिंगवर उभ्या असणाऱ्यांना हे कुणी सांगितलंय का, कोण जाणे.

लस सकाळची की दुपारची?

खरी खडाजंगी इथे आहे.

बर्मिंगहॅम विद्यापीठाने पासष्टीपुढच्या २७६ जणांना फ्लूची लस दिली. काहींना सकाळी नऊ ते अकरा, काहींना दुपारी तीन ते पाच. लशीत विषाणूचे तीन प्रकार होते. त्यातल्या दोन प्रकारांविरुद्ध सकाळवाल्यांमध्ये जास्त प्रतिपिंडं तयार झाली. हे २०१६ साली छापून आलं आणि ‘लस सकाळीच घ्या’चा डंका सुरू झाला. नेदरलँड्समध्ये २०२० साली बीसीजी तपासली. सकाळी आठ-नऊला टोचलेल्यांचा प्रतिसाद संध्याकाळी सहाला टोचलेल्यांपेक्षा सरस. डंका आणखी मोठा.

मग कोविड आला. ब्रिटनमधल्या २,१९० आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये दुपारनंतर लस घेतलेल्यांची प्रतिपिंडं जास्त निघाली. डंका बंद. इस्रायलमध्ये पंधरा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा दुपारच्या अलीकडे-पलीकडे घेतलेली लस, विशेषतः बूस्टर, थोडी जास्त उपयोगी ठरली. म्हणजे लस कुठली, वय किती आणि मोजताय काय, यावर उत्तर बदलतं.

उपकेंद्रात बुधवारी लसीकरण असतं म्हणून चार मैलांवरून बाळाला कडेवर घेऊन आलेल्या बाईला ‘आता अकरा वाजून गेले’ सांगणारा कुणी निघाला, तर त्याला आधी घरी पाठवा. वेळेने पडणारा फरक हा लस घेणं आणि न घेणं यातल्या फरकापुढे किरकोळ आहे. बीसीजीची जगातली मोठी कढई पुण्यात सीरममध्ये शिजते, तिथून ती कुठल्या देशात कितीला टोचली जाते याचा हिशेब ठेवायला कुणाला वेळ आहे!

कॅन्सरमध्ये मात्र हा प्रश्न गंभीरपणे घेतला जातोय. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरच्या २९९ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधाचे पाचातला एक किंवा त्याहून जास्त डोस ज्यांना संध्याकाळी साडेचारनंतर मिळाले, ते तुलनेने कमी जगले. २०२१ सालचा हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे. संध्याकाळची वेळ घेणारे रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात, ही शंका रास्त आहे.

वेळेपेक्षा आदल्या रात्रीची झोप जास्त महत्त्वाची दिसते. कावीळ-बीच्या लशीचा २०१२ सालचा अमेरिकी अभ्यास सांगतो, की सहा तासांपेक्षा कमी झोपणारे लस घेऊनही असुरक्षित राहण्याची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या साडेअकरा पट होती. शिकागोत तरुणांना सलग काही रात्री चारच तास झोपू दिलं आणि फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्मीही नव्हती. पण हेही सांगायला हवं, की तीन-चार आठवड्यांत ती बरोबरीला आली. हे दुसरं वाक्य बातम्यांमध्ये सहसा गळतं.

आणि सर्दी? पिट्सबर्गमध्ये १६४ जणांनी पैसे घेऊन नाकात सर्दीचे विषाणू घालून घेतले आणि हॉटेलात मुक्काम ठोकला. त्याआधी आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने त्यांची झोप मोजली होती. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. सर्दी मोजण्यासाठी त्यांनी वापरलेले रुमाल संशोधकांनी गोळा करून तोलले. डॉक्टरेट मिळवायचे मार्ग किती खडतर असतात बघा.

रात्रीची लाईट

आता करमाडच्या शिवारात परत. शेतीपंपाची थ्री फेज लाईट चक्राकार येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. कारखान्यातल्या फिरत्या शिफ्टपेक्षा हे जास्त बिकट, कारण कारखान्याची पाळी निदान महिन्याआधी कळते. लाईट गेली, परत आली, स्टार्टर पडला, फ्यूज उडाला, की शेतकरी पुन्हा विहिरीवर. झोप सलग होतच नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकू शकतं. रात्रीच्या वेळेला ते कसंबसं जुळू लागतं, तोवर लाईट दिवसाची झालेली असते. शिवाय रात्री पाणी दिलं म्हणून सकाळी शेतात जायचं थांबत नाही. फवारणी असते, खुरपणी असते, मोसंबीचा व्यापारी आलेला असतो.

दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती. तिची जाहिरात होते ती विजेच्या दरावर आणि बिबट्याच्या भीतीवर. खरं म्हणजे दिवसाची लाईट हे सार्वजनिक आरोग्याचंही काम आहे. आरोग्य खात्याच्या अर्थसंकल्पात फीडरचा उल्लेख कधी येत नाही एवढंच.

रातपाळीने प्रतिकारशक्ती किती ढासळते? ब्रिटनमधल्या २.८ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींत, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना कोविडने रुग्णालय गाठावं लागण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त दिसली. वय, वजन, झोप, गरिबी यांचा हिशेब वजा करूनही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रातपाळीला २००७ साली ‘बहुधा कॅन्सरकारक’ या यादीत घातलं आणि २०१९ साली तिथेच ठेवलं. डेन्मार्कने तर वर्षानुवर्षं रातपाळी करून स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही स्त्रियांना नुकसानभरपाई दिली.

रात्री दोनच्या डब्याचीही गोष्ट आहे. टेक्सासमध्ये २०२१ साली उंदरांच्या आतड्यात दिसलं, की जंतूंना मारणारी प्रथिनं जेवणाच्या वेळा धरून कमीजास्त होतात. खाणारा पोटोबा वेळ ठरवतो आणि आतड्याचा पहारा त्याप्रमाणे उभा राहतो. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये एकोणीस माणसांना प्रयोगशाळेत कृत्रिम रातपाळीत ठेवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर बिघडली. जागले रात्री, पण जेवले फक्त दिवसा, त्यांची बिघडली नाही. कॅन्टीनवाल्यांना हे आवडणार नाही.

आयुर्वेदात वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त रातपाळीवाल्यांसाठी चक्क सूचना दिलीय. सवय नसताना रात्री जागरण झालं, तर जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपा, आणि तेही न जेवता. एरवी दिवसा झोपण्यावर ग्रंथाचा रोख नाराजीचा. त्यामागची कफ-पित्ताची कारणमीमांसा आजच्या शास्त्राची नाही, पण निरीक्षण करणाऱ्याची नजर तयार होती.

जंतांची शिफ्ट, हॉकिंगचे वडील

करमाड स्टेशनावरून जाणारी रेल्वे निजामाच्या काळातली. तिच्यावरून पूर्वेला जात राहिलात तर सिकंदराबाद लागतं. तिथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. ज्याच्या अंगावर डास सोडले, त्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळाला. रॉसला १९०२ साली नोबेल.

हिवताप एक दिवसाआड ठरल्या वेळी हुडहुडी भरवतो, हे गावोगाव माहीत होतं. रक्तातले लाखो परजीवी एकाच वेळी तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, म्हणून ती हुडहुडी. पण लाखोंना एकच मुहूर्त कोण देतं? मे २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. परजीवीकडे स्वतःचीच लय आहे, यजमानावर ते संपूर्ण अवलंबून नाहीत, असं दोन्हींचं म्हणणं. उंदरांवरच्या इतर प्रयोगांत हेही दिसलं, की यजमानाची जेवणाची वेळ बदलली, की परजीवीची वेळही हळूहळू सरकते. आपण जेवतो कधी यावर त्यांचं बारीक लक्ष!

हत्तीरोगाचा किस्सा मात्र मला या सगळ्यांत वरचढ वाटतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या पट्ट्यातल्या लोकांना त्यात नवल वाटणार नाही. तिथे आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतात आणि बोटाला सुई टोचून रक्त घेतात. हत्तीरोग नियंत्रण पथकांच्या जोडीला राज्यात रात्र चिकित्सालयं आहेत. दिवसा घेतलेल्या रक्तात या रोगाची सूक्ष्म पिल्लं बहुधा सापडतच नाहीत. ती दिवसभर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो ना! दक्षिण पॅसिफिकमधल्या काही बेटांवर रोग पसरवणारा डास दिवसाचा आहे. तिथली पिल्लं रात्री दडून बसत नाहीत.

चीनच्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनने १८७०च्या दशकाच्या अखेरीस ही लपाछपी पकडली. मग १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एका रुग्णाला सरळ नाइट शिफ्टला लावलं. रात्री जागायचं, दिवसा झोपायचं. काही दिवसांत पिल्लंही उलटली. ती दिवसा रक्तात येऊ लागली. त्यांना घड्याळातले वाजले किती याच्याशी देणंघेणं नव्हतं, आपला माणूस झोपलाय कधी एवढंच बघायचं होतं. म्हणजे विदर्भातल्या कारखान्यात कायम रातपाळी करणाऱ्या माणसाचं रक्त घ्यायला रात्री जाण्यात काय मतलब, असा प्रश्न पडतो. आता प्रौढ जंतांचा अंश ओळखणाऱ्या पट्ट्या आल्यात. त्या दिवसाही चालतात, म्हणून कर्मचाऱ्यांची थोडी सुटका.

फुप्फुसांतच का लपायचं, याचा पाठपुरावा विसाव्या शतकात फ्रँक हॉकिंग यांनी केला. तिथल्या रक्तातल्या प्राणवायूच्या पातळीवरून पिल्लांना दिवस-रात्र कळते, असं त्यांनी मांडलं. या कामासाठी ते लखनौलाही राहून गेले. आडनाव ओळखीचं वाटलं? बापाने जंतांच्या वेळापत्रकावर आयुष्य घातलं आणि मुलाने, स्टीफन हॉकिंगने, काळाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं.

पत्ताकोबी जागीच असते

प्रतिकारशक्ती झाडांनाही असते आणि तिलाही घड्याळ. जालन्याजवळच्या कडवंचीत द्राक्षबागायतदाराला ‘डाऊनी’ हा शब्द उच्चारला तरी कपाळावर आठी येते. डाऊनी मिल्ड्यू या बुरशीच्या जातभाईवर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात काम झालं, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर. त्या बुरशीचे बीजाणू पहाटे उधळतात. रोप ते उधळण्याआधीच आपली बचावाची जनुकं चालू करून बसलेलं असतं. हल्ला झाल्यावर धावाधाव नाही, हल्ल्याची वेळ पाठ! हे २०११ सालचं.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातल्या मंडळींनी पुढे जाऊन दुकानातून पत्ताकोबी विकत आणली. तोडलेली, मुळं नसलेली, आपण पिशवीत घालतो तशी. तिला बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असं ठेवलं. कोबीने लगेच वेळ लावून घेतली. अळी दिवसा खाते, म्हणून कोबीतली अळीला न मानवणारी रसायनं दिवसाच वाढू लागली. कोबीच्या वेळेशी जुळलेल्या अळ्यांना कमी खायला मिळालं. ज्या अळ्यांची वेळ मुद्दाम उलटी लावली होती, त्यांनी ताव मारला. कोबीच नव्हे, पालक, गाजर, रताळं, लेट्यूस, ब्लूबेरी, सगळीकडे तोडल्यानंतरही हेच. २०१३ साली ‘करंट बायॉलॉजी’त हे आलं. कायम अंधारात किंवा कायम उजेडात ठेवलेल्या भाजीची लय बिघडते, म्हणून भाजी साठवतानाही दिवस-रात्र ठेवून पाहावी, असं संशोधकांनी सुचवलं. यातली काही रसायनं माणसाच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहेत, तेव्हा कोबी किती वाजता चिरायची, हा उद्याचा वाद होऊ शकतो.

करमाडहून पहाटे पिकअपमध्ये जाधववाडीच्या मार्केटला निघालेल्या गोण्यांतली कोबी अजून तिच्या वेळेनुसार चालत असते. पुढे ती कुणाच्या तरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात जाते. दार लावल्यावर फ्रिजातला दिवा विझतो का, हा पोरांचा जुना प्रश्न. कोबीच्या बाजूने पाहिलं तर तो तसा पोरकट नाही.